बिनतारी दूरध्वनि आणि त्याचा पल्ला

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेंत धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आजच्या व्याख्यानाचें काम आमच्यावर सोंपविलें, तेव्हां आम्हीं प्रथम नकारच दिला होता. आमचें सारें आयुष्य टेलिफोनच्या तारा ओढण्यांत आणि तुटलेल्या तारा जोडण्यांत गेलें. खांब, केबल आणि एक्स्चेंज ह्यांपलीकडे आमच्या विद्येची धांव नाहीं. ज्या यंत्रानें त्या खांबांना, त्या तारांना आणि आमच्यासारख्या लाइनमनांनाही निवृत्त केलें, त्याच यंत्राची ओळख आमच्या तोंडून करून घेण्याचा समितीचा बेत ऐकून आम्हांस थोडें हंसूं आलें. पण मागाहून विचार करतां असें वाटलें कीं, नव्या धन्याची पारख जुन्या चाकरास जितकी असते, तितकी क्वचितच दुसऱ्या कोणास असते. म्हणून आम्हीं होकार दिला. आमचें बोलणें ओबडधोबड वाटल्यास आपण तें गोड करून घ्यावें, अशी प्रार्थना आहे.

विषयास हात घालण्यापूर्वीं आपणां सर्वांच्या परिचयाची एक गोष्ट सांगतों. ती म्हणजे आपल्या देवळाची घंटा. वारा अनुकूल असला म्हणजे ती खाडीपलीकडे ऐकूं जाते. आषाढांत पावसाची झड लागली कीं शेवटच्या पाखाडीपर्यंतही तिचा आवाज धड पोंचत नाहीं. पहांटे मासेमारीस निघालेल्या होडींतील माणसांना ती कांहीं अंतरापर्यंत ऐकूं येते. मग एक लाट अशी येते कीं तिच्यापलीकडे केवळ समुद्राचा आवाज उरतो. घंटा कितीही जड ओतली आणि कितीही उंच टांगली, तरी तिच्या आवाजाला कोठें तरी सीमा असतेच. त्या सीमेच्या आंत कोण आहे आणि बाहेर कोण राहिला आहे, हा प्रश्न आम्हांस नोकरीच्या पहिल्या दिवसापासून महत्त्वाचा वाटत आला आहे. ज्याला शिष्ट लोक भ्रमणध्वनि म्हणतात आणि बाकी सारे मोबाइल म्हणतात, त्या यंत्राच्या प्रगतीची कथा आज आम्ही ह्याच मापानें मोजून पाहणार आहों.

तारेवांचून निरोप जातो कसा, हा पहिला प्रश्न. तळ्यांत खडा टाकला असतां जशा लाटा चोहोंकडे पसरतात, तशा विजेच्या व चुंबकत्वाच्या लहरी अवकाशांत प्रकाशाच्या वेगानें पसरतात. अशा लहरी असल्या पाहिजेत, हें जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्यांनीं १८६५ सालीं गणितानें मांडलें. त्या खरोखरच आहेत, हें हाइनरिख हर्ट्झ ह्यांनीं १८८७-८८ मध्यें प्रयोगानें सिद्ध केलें. ह्या कथेंत आपल्या देशाचाही मानाचा वांटा आहे. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत फादर यूजीन लाफाँ नांवाचे बेल्जियन जेझुइट धर्मगुरु पदार्थविज्ञान शिकवीत असत. विज्ञान नुसतें पुस्तकांतून न वाचतां प्रयोग करून दाखविण्याबद्दल त्यांची ख्याति होती. त्यांचे विद्यार्थी जगदीशचंद्र बोस ह्यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें तारेवांचून लहरी पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. बोस ज्या लहरी वापरीत, त्या फार आंखूड, अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या होत्या. ह्या आंखूड लहरी श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवाव्या. त्यांच्याकडे आम्हांस पुढें परत यावयाचें आहे.

दुसरा प्रश्न गर्दीचा. १७ जून १९४६ रोजीं अमेरिकेंतील सेंट लुइस शहरांत मोटारींत बसून टेलिफोन करण्याची सोय सुरू झाली. यंत्राचें वजन सुमारें ८० पौंड, म्हणजे ३६ किलो होतें. तें मोटारीच्या मागील पेटींत बसवीत. शहराच्या मधोमध एक उंच मनोरा आणि त्याच्या वांट्यास आलेले लहरींचे थोडेसे पट्टे, अशी ती व्यवस्था होती. जितके पट्टे, तितकींच संभाषणें. आकाश अफाट आहे खरें, पण बोलण्याच्या उपयोगी पडणाऱ्या लहरी मोजक्या आहेत, आणि रेडिओ, विमानें, जहाजें, सैन्य असे पुष्कळ वांटेकरी त्यांवर हक्क सांगतात. १९७६ सालापर्यंत न्यूयॉर्कसारख्या महानगरांत बारा पट्ट्यांवर सुमारें साडेपांचशें ग्राहकांची सोय होत होती, आणि तीन हजारांहून अधिक लोक यादींत नांव घालून वाट पाहत होते. घंटा मोठी होती, पण ती एका वेळीं बाराच जणांसाठीं वाजत होती.

ह्या अडचणींतून वाट काढणारी कल्पना १९४७ च्या डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंतील डग्लस रिंग ह्यांनीं एका टिपणांत लिहून ठेवली. ती इतकी साधी आहे कीं आपल्यापैकीं कोणासही समजेल. एक मोठी घंटा टांगण्याऐवजीं पुष्कळ लहान घंटा टांगाव्या. शहराचे लहान लहान विभाग करावे. प्रत्येक विभागांत एक ठेंगणा मनोरा उभारावा आणि त्यानें आपल्या विभागापुरतेंच, हलक्या आवाजांत बोलावें. शेजारच्या विभागानें निराळ्या लहरी वापराव्या, म्हणजे एकाचें बोलणें दुसऱ्यांत मिसळणार नाहीं. पण दोनचार विभाग सोडून जो पलीकडचा विभाग आहे, त्यानें पहिल्याच्याच लहरी खुशाल पुन्हा वापराव्या. अंतर असल्यामुळें घोटाळा होत नाहीं. आपल्या गांवाची घंटा आणि चार गांवांपलीकडची घंटा एकाच वेळीं वाजल्या, तरी कोणाचा गोंधळ होत नाहीं, तसेंच हें. कागदावर हे विभाग मधमाशांच्या पोळ्यांतील घरांप्रमाणें षट्कोनी काढतात. अशा एका विभागास इंग्रजींत सेल म्हणतात, आणि सेल्युलर फोन हें नांव त्यावरून पडलें आहे.

आम्हांस ह्या कल्पनेंतील एक गोष्ट फार आवडते. येथें अधिक लोकांची सोय झाली ती आवाज चढवून नव्हे; आवाज उतरवून आणि जें थोडें आहे तें वांटून घेऊन झाली.

पण माणूस एका जागीं थांबत नाहीं. विरारहून चर्चगेटला निघालेल्या लोकलींतील प्रवासी बोलत बोलत कितीतरी विभाग ओलांडतो. त्याचें बोलणें मधेंच तुटत कां नाहीं? त्याच्या हातांतील फोन सारखा कान देऊन असतो. आसपासच्या कोणत्या मनोऱ्याचा आवाज किती स्पष्ट येतो, हें तो मोजून कळवीत राहतो. जुन्या मनोऱ्याचा आवाज क्षीण आणि नव्याचा स्पष्ट होऊं लागला, कीं नव्या मनोऱ्यावर त्याच्यासाठीं जागा राखली जाते आणि डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत त्याला तिकडे सोंपविलें जातें. बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाहीं. खिशांत मुका पडलेला फोनसुद्धां आपण कोणत्या भागांत आहों हें अधूनमधून कळवीत असतो; म्हणून तर कॅनडांतल्या मुलानें फोन केला असतां तो साऱ्या पृथ्वीवर न शोधतां थेट आपल्या आळींत येऊन वाजतो.

ही कल्पना १९४७ सालची. प्रत्यक्षांत येण्यास तीस वर्षांवर गेलीं. इतक्या वेगानें मोजमाप आणि निवाडा करणारीं संगणकयंत्रें तोंवर नव्हतीं, आणि लागणाऱ्या लहरी मोकळ्या करून देण्यास सरकारही लवकर तयार होईना. ३ एप्रिल १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर ह्यांनीं हातांत धरावयाच्या फोनावरून पहिलें संभाषण केलें, आणि तें केलें बेल प्रयोगशाळेंतील आपले प्रतिस्पर्धी जोएल एंगल ह्यांच्याशीं. त्या फोनाचें वजन एक किलोहून अधिक होतें. १९७९ सालीं तोकियो शहरांत विभागांच्या पद्धतीची पहिली सार्वजनिक व्यवस्था सुरू झाली. १९८३ सालीं अमेरिकेंत हातांतला फोन विक्रीस आला, तेव्हां त्याची किंमत ३,९९५ डॉलर होती, आणि दहा तास विजेवर ठेवल्यावर तो अर्धा तास बोलूं देई.

ह्या पहिल्या पिढींत बाबेलच्या बुरुजासारखी अवस्था होती. प्रत्येक देशाची रीत निराळी. सरहद्द ओलांडली कीं फोन मुका. १९८७ च्या सप्टेंबरांत युरोपांतील तेरा देशांच्या दूरध्वनि-संस्थांनीं कोपनहेगन येथें एकत्र येऊन एकच रीत पाळण्याचा करार केला. तीच पुढें जीएसएम ह्या नांवानें जगभर पसरली. १ जुलै १९९१ रोजीं फिनलंडांत तिच्यावरचें पहिलें संभाषण झालें. तींत माणसाचा आवाज शून्य आणि एक ह्या दोनच अंकांत लिहून पाठविला जातो. त्यामुळें तो स्वच्छ राहतो, कमी जागेंत मावतो आणि चोरून ऐकणाऱ्यास सहजासहजीं उलगडत नाहीं. ग्राहकाची ओळख सिम नांवाच्या इवल्याशा पत्रींत ठेवली, म्हणून यंत्र बदललें तरी नंबर आपलाच राहतो. ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत नील पॅपवर्थ नांवाच्या तरुण अभियंत्यानें पहिला लेखी संदेश पाठविला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता, हें ऐकून ह्या सभेस आनंद होईल.

आपल्या देशांत ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू ह्यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम ह्यांना मोबाइलवरून पहिला फोन केला. आमच्या नोकरीच्या आरंभीं घरीं टेलिफोन येण्यासाठीं लोक वर्षानुवर्षें वाट पाहत, आणि एकाच्या दारीं फोन आला म्हणजे तो साऱ्या आळीचा होई. तेव्हां मोबाइलनें हें दुःख एका दिवसांत संपविलें असें कोणास वाटेल. तसें झालें नाहीं. आरंभीं एका मिनिटास सोळा रुपयांपर्यंत दर पडे, आणि आलेला फोन घेतल्यासही पैसे द्यावे लागत. घंटा होती, पण ती ऐकण्याचेंही भाडें होतें. २००३ सालीं येणाऱ्या फोनाचें शुल्क बंद झालें. दर उतरत गेले, आणि मग भाजीवाला, रिक्षावाला, बांधकामावरचा मजूर, सर्वांच्या हातीं फोन आला. आज देशांत मोबाइलच्या ११० कोटींहून अधिक जोडण्या आहेत. आम्हीं उभ्या जन्मांत जितके खांब रोवले, तितक्या खांबांनीं ही गोष्ट कधींच झाली नसती, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों.

आतां स्मार्टफोनाकडे वळूं. २००७ च्या जानेवारींत ॲपल कंपनीनें आयफोन दाखविला आणि पुढल्या वर्षीं अँड्रॉइड पद्धतीचा पहिला फोन बाजारांत आला. ह्यांना फोन म्हणणें हा केवळ उपचार होय. हा खिशांतला संगणक आहे, आणि बोलणें हें त्याच्या अनेक कामांपैकीं एक आहे. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें जी पहिली एकसंध गणकचकती विक्रीस काढली, तिच्यांत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या चांगल्या फोनांतील नखाएवढ्या चकतींत ते एक हजार कोटींहून अधिक असतात. तिला दिवसभर शक्ति पुरविणारी लिथियमची बॅटरी ज्यांच्या संशोधनानें घडली, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्या तिघांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या निदान चार उपग्रहांचे संकेत ऐकून, कोणता किती उशिरा पोंचला ह्या हिशेबानें हा फोन आपण कोठें उभे आहों तें सांगतो.

संभाषणाची रीतही बदलली. आमच्या काळीं दोन माणसें बोलत असतां त्यांच्यासाठीं सबंध वाट अडवून ठेवावी लागे, मग तीं दोघें गप्प बसलीं तरी. आतां आवाज, चित्र, पत्र, सर्वांचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालतात, आणि ते तुकडे टपालाच्या पुडक्यांसारखे मिळेल त्या वाटेनें जाऊन टोंकाला पुन्हा एकत्र जुळतात. वाट कोणासाठींही रिकामी अडून राहत नाहीं. चौथ्या पिढीची सारी मदार ह्याच रीतीवर आहे.

१ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या देशांत पांचवी पिढी सुरू झाली. तिचे मनोरे चोहोंकडे सारखा आवाज न टाकतां पुष्कळ लहान अँटेनांच्या साहाय्यानें ज्याला हवा त्याच्याच दिशेनें लहरींचा झोत वळवितात. तिच्या सर्वांत वेगवान पट्ट्यांसाठीं ज्या आंखूड लहरी निवडल्या आहेत, त्या जगदीशचंद्र बोसांनीं हाताळलेल्या मिलिमीटर-लहरींच्याच घराण्यांतील आहेत. सव्वाशें वर्षांनीं जग त्यांच्या दाराशीं आलें, ह्याचा आपणांस अभिमान वाटावा. पण ह्या लहरींचा एक गुण आम्हांस विचार करावयास लावतो. त्या पुष्कळ माहिती वाहून नेतात, पण दूर जात नाहींत. भिंत आडवी आली, दाट झाडी आली, कीं त्या थकतात. वेग वाढला कीं पल्ला घटतो. म्हणून ह्या लहरींचे मनोरे दाट वस्तींत जवळ जवळ उभारावे लागतात, आणि जेथें वस्ती विरळ तेथें ते उभारणें परवडत नाहीं.

येथवर यंत्राची कथा झाली. आतां सीमेची कथा सांगतों, आणि ती आपल्याच अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरची आहे.

उत्तर केरळांत १९९७ ते २००१ ह्या काळांत किनाऱ्यालगत मोबाइलचे मनोरे उभे राहिले. समुद्रांत वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत त्यांचा आवाज पोंचे. रॉबर्ट जेन्सन नांवाच्या अर्थशास्त्रज्ञांनीं त्या वर्षांत तेथील बाजारांची काळजीपूर्वक नोंद ठेवली आणि ती २००७ सालीं प्रसिद्ध केली. फोन येण्यापूर्वीं होडी ज्या बंदराची, त्याच बंदरांत मासळी उतरे. दुसरीकडे काय भाव आहे हें समुद्रांत कळण्यास मार्ग नव्हता. १९९७ च्या जानेवारींतील एका सकाळीं वडकरा येथें अकरा मच्छीमारांना गिऱ्हाईक न मिळाल्यामुळें मासळी फेंकून देण्याची पाळी आली; आणि त्याच वेळीं पंधरा किलोमीटरच्या आंतील दुसऱ्या बाजारांतून सत्तावीस गिऱ्हाइकें रिकाम्या टोपल्या घेऊन परत फिरत होतीं. पकडलेल्या मासळीपैकीं शेंकडा पांच ते आठ भाग असा वायां जाई. फोन आल्यावर मच्छीमार समुद्रांतूनच चार बाजारांत विचारून होडीचें तोंड वळवूं लागले. मासळी फेंकणें जवळजवळ थांबलें. मच्छीमारांचा नफा शेंकडा आठ वाढला, आणि विकत घेणाऱ्यास भाव शेंकडा चार उतरला. दोन्ही बाजूंचें भलें झालें, कोणाचें नुकसान करून नव्हे. आपल्या पाखाड्यांतील ज्या भगिनी डोक्यावर पाटी घेऊन बाजारांत जातात, त्यांना ह्या आंकड्यांचा अर्थ आम्हीं सांगण्याची गरज नाहीं.

परंतु तोच समुद्र, तोच किनारा, आणि तेच यंत्र. ३० नोव्हेंबर २०१७ रोजीं ओखी चक्रीवादळ कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरमच्या समुद्रावर आदळलें. खोल पाण्यांत मासेमारी करणाऱ्या होड्या कित्येक दिवस आधींच निघून गेल्या होत्या आणि किनाऱ्यापासून फार दूर होत्या. प्रत्येक तांडेलाकडे फोन असेल. पण वीस-पंचवीस किलोमीटरच्या त्या लाटेपलीकडे तो फोन म्हणजे एक कांचेचा तुकडा होता. इशारा निघाला, पण तो त्यांच्यापर्यंत पोंचला नाहीं. शेंकडों मच्छीमार मेले वा बेपत्ता झाले. त्यांत आपल्याच धर्माच्या किनारी गांवांतील पुष्कळ होते. भावांची बातमी पोंचविणारी घंटा मरणाची बातमी पोंचवूं शकली नाहीं, कारण होडी सीमेच्या बाहेर होती.

ह्या दुःखांतून कांहीं शिकलें गेलें. २०१९ सालीं जेमिनी नांवाचें एक लहान यंत्र मच्छीमारांसाठीं तयार झालें. तें मनोऱ्याकडून नव्हे, तर आकाशांतील उपग्रहाकडून वादळाची सूचना घेतें आणि मच्छीमाराच्या मोबाइलला देतें. मनोरे जेथें संपतात, तेथेंच ह्याचें काम सुरू होतें. वेगाच्या दृष्टीनें पाहिलें तर हें यंत्र फार सामान्य आहे. पण प्रगति म्हणजे काय, असें आम्हांस कोणी विचारलें तर आम्ही क्षणांत सिनेमा उतरवून घेणाऱ्या फोनाकडे बोट दाखविणार नाहीं. ह्या यंत्राकडे दाखवूं.

बंधुभगिनींनो, समुद्रावरची सीमा डोळ्यांस दिसते. घरांतली सीमा दिसत नाहीं. तिच्याविषयीं बोलणें आम्हांस जड जातें, कारण तींत आमचा स्वतःचा दोष आहे.

आमच्या आळींत एक आजी राहतात. नांव सांगत नाहीं. यजमान केव्हांच वारले, मुलगा परदेशीं. मुलाचें तोंड रोज दिसावें म्हणून त्यानें फोन पाठविला, आणि तो सुरू करून देण्याचें काम शेजारधर्मानें आमच्याकडे आलें. तारेच्या माणसानें नवें यंत्र शिकविलें, ह्याचा आम्हांस कोण अभिमान! हिरवी खूण सरकविली कीं बोलणें सुरू होतें, हें त्यांना दोन दिवसांत जमलें. एके सकाळीं फोन वाजला. पडद्यावर पोलिसाच्या पोशाखांतील माणूस. मुलाच्या नांवें आलेल्या पार्सलांत भलता माल सांपडला आहे, तुम्हांला अटक झाली आहे, फोन बंद करूं नका, कोणाशीं बोलूं नका, असें तो म्हणाला. त्या बिचाऱ्या दार लावून पांच तास त्या पडद्यासमोर बसून राहिल्या. शेवटीं फोन तसाच पिशवींत ठेवून बँकेंत गेल्या आणि औषधपाण्यासाठीं राखलेली ठेव मोडून सांगितलेल्या खात्यांत भरून आल्या. मग लाजेनें तीन दिवस कोणापाशीं बोलल्या नाहींत. आम्हांस कळलें तेव्हां तक्रार झाली. पण तीन दिवसांत तो पैसा भाड्यानें घेतलेल्या खात्यांमधून कोठल्या कोठें निघून गेला होता.

आम्ही समाचारास गेलों, तेव्हां त्या रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, "अरे, तूं मला फोन उचलायला शिकवलंस, मधेंच ठेवून द्यायला कुठें शिकवलंस?"

ह्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं. त्या आजींच्या घरांत मनोऱ्याचा आवाज उत्तम येतो. पट्टे पूर्ण असतात. तरीही त्या ह्या यंत्राच्या पल्ल्याबाहेर होत्या, खोल समुद्रांतल्या होडीइतक्याच बाहेर. फोन त्यांच्यापर्यंत पोंचला होता; फोनाची समज पोंचली नव्हती. आतां पेन्शन, बँक, दवाखान्याची वेळ, नातवंडांची शाळा, साऱ्यांची वाट ह्याच कांचेंतून जाते. यूपीआय ह्या २०१६ सालीं सुरू झालेल्या पद्धतीनें देशांत आज महिन्याला एक हजार कोटींहून अधिक व्यवहार होतात. वाट जितकी रुंद, तितके चोर अधिक. आणि चोर नेमके सीमेवर उभ्या असलेल्यालाच गांठतात.

म्हणून चार गोष्टी सुचवून आम्ही हें भाषण संपवितों.

पहिली: घरोघरीं हें सांगावें कीं फोनावरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यांत नाहीं. पडद्यावर कितीही मोठा अधिकारी दिसो, फोन ठेवून द्यावा. पैसे घेण्यासाठीं पिन कधींच द्यावा लागत नाहीं, आणि संदेशानें आलेला ओटीपी कोणासही सांगावयाचा नसतो. आतां यंत्रें माणसाच्या आवाजाचीही हुबेहूब नक्कल करूं लागलीं आहेत. तेव्हां प्रत्येक कुटुंबानें आपसांत एक खुणेचा शब्द ठरवावा.

दुसरी: फसवणूक झालीच, तर लाज न धरतां तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावें. पैसा खात्यांतून खात्यांत पळत असतो. तो वाटेंत असेपर्यंत अडवितां येतो. आणि जो फसला त्याला हंसूं नये. आजींचे तीन दिवस चोरानें नेले नाहींत. आपल्या हंसण्याच्या भयानें नेले.

तिसरी: दर रविवारीं अर्धा तास आपल्या तरुण मंडळींनीं ह्या सभागृहांत वडील मंडळींच्या शेजारीं बसावें. शिकवितांना फोन त्यांच्या हातांतून काढून घेऊं नये. आम्ही सारे तीच चूक करतों. स्वतः भराभर बोटें चालवून दाखवितों आणि शिकविलें असें समजतों.

चौथी गोष्ट समितीची क्षमा मागून सांगतों. ह्या व्याख्यानाची सूचना व्हॉट्सॲपच्या गटावर आली. देवळाच्या फळ्यावर लिहिली गेली नाहीं. आजींचा फोन त्या दिवसापासून कपाटांत बंद आहे. त्यामुळें ज्यांच्यासाठीं हें भाषण मुख्यतः लिहिलें, त्यांनाच त्याची वार्ता नाहीं. नवी वाट उघडतांना जुनी वाट बुजवूं नये. फळा राहूं द्यावा. जेथें माणूस बसतो, तेथें माणूस बसूं द्यावा.

उद्यां सकाळीं आम्ही आजींच्या घरीं जाणार आहों. कपाटांतला फोन बाहेर काढूं आणि ह्या वेळीं प्रथम लाल खूण शिकवूं. हिरवी मागाहून. मुलाचा चेहरा त्यांना पुन्हा रोज दिसूं लागला, तर ह्या महोत्सवाच्या वर्षांत आमच्या हातून एक तुटलेली तार जोडली गेली असें आम्ही समजूं.